अर्ध्या औताचं मत

एकोणीसशे अठ्ठेचाळीस साल. मी चोवीस वर्षांचा होतो, आणि कोंडिबा, तू माझ्याहून दोन पावसाळ्यांनी मोठा. हे दोन पावसाळे तू मला जन्मभर ऐकवलेस. काही बोलायला गेलो की, "गप रं सख्या, ल्हान हायेस तू." आता तू थांबलास तिथंच थांबलास. आणखी दोन वर्षं तग धरली की मी तुझ्याहून मोठा होईन. मग बघतो कोण कुणाला गप म्हणतं ते.

तुझा थोरला काल येऊन बसला. म्हणाला, "नाना, तेराव्याला चार माणसांपुढं वाचायला आबांवर दोन शब्द लिहा. जन्म, शिक्षण, गावासाठी केलेली कामं, असं." मी म्हटलं, तुझ्या बापाचा जन्म कुणी मांडून ठेवला नाही, शिक्षण झालं नाही, आणि गावासाठी त्यानं जे केलं ते मी लिहिलं तर लोक तेराव्याला हसतील. तो म्हणाला, "मग तेच लिहा." पोरगं तुझ्यावर गेलंय.

तेव्हा तेच लिहितो. मराठी दुसरी झालेला माणूस मी. काना-मात्रा चुकला तर तुझा नातू नीट करील. म्हणणं मात्र माझं, त्याला कुणी हात लावायचा नाही.

आपली गाठ बैलांनी घातली. तुझं मूळ गाव भाटघरच्या पाण्याखाली. धरणाची भिंत वाढवली तेव्हा तू आईचं बोट धरून चालण्याएवढा होतास. तुम्ही मामाच्या गावाला आलात, म्हणजे आमच्या गावाला, गुंजवणीच्या काठी, जिथून मान वर केली की राजगड दिसतो. मामानं तुझ्या बापाला जमिनीची एक पट्टी दिली आणि पुढं एक गोऱ्हा दिला. एकच. इकडं माझा बाप गेला तेव्हा दावणीला दोन बैल होते, त्यातला एक त्याच उन्हाळ्यात बापामागं गेला. राहिला चांद्या. तुझ्याकडं तांबड्या. एका बैलानं नांगर चालत नाही, म्हणून मग आपल्याकडचे सगळेच गरीब करायचे ते आपण केलं, वारंगुळा. तुझा एक, माझा एक, मिळून जोडी. आधी एकाचं वावर, मग दुसऱ्याचं. नांगर माझा होता आणि जू तुझं होतं. सावरीच्या लाकडाचं हलकं जू, तुझ्या बापानं बुडीत गावातून डोक्यावर आणलेलं.

चांद्या शहाणा आणि तांबड्या चोर. जाता जाता दुसऱ्याच्या पेंढ्याला तोंड घालायचा, आणि शिव्या मात्र दोघांना बसायच्या. तू म्हणायचास, "बैलाचं काय घेऊन बसलास, तुझंबी तसंच हाय. करतो म्या, नाव दोघांचं."

गावात काहीही वाटायचं-घालायचं झालं की ते औतावर, म्हणजे नांगराच्या बैलजोडीवर. यात्रेचा तांदूळ औताला एक टोपली. ओढ्याचा बंधारा बांधायचा तर औतामागं एक माणूस. यात्रेच्या बोकडाचा वाटाही औताला एक. आपलं दोघांचं मिळून एक औत, म्हणून वाटा एक. दर वर्षी त्या एका वाट्याचे दोन करताना आपली जी भांडणं व्हायची, ती ऐकायला शेजारचे मुद्दाम जेवायचे थांबायचे. नळीचं हाड एकच असतं आणि ते दर वर्षी तुलाच कसं जायचं, हे मला अजून कळलेलं नाही. तुझ्या कारभारीण हौसावैनी मागून ती नळी माझ्या कारभारणीला, पारूला, आणून द्यायच्या, हे तुला ठाऊक नव्हतं. आता सांगायला हरकत नाही.

त्या हिवाळ्यात सगळीकडं एकच बोलणं. दिल्लीला झेंडा बदलला होता आणि आता आपल्या भोर संस्थानाचं काय करायचं ते ठरायचं होतं. संस्थान आपलं आपण राहणार की मुंबईत जाणार. कापूरहोळच्या नाक्यावर तीच चर्चा, नसरापूरच्या बाजारात तीच चर्चा. आपण नांगरामागं चालता चालता भांडायचो. नांगरटीच्या तासाच्या या टोकाला मी सुरुवात करायचो, त्या टोकाला तू उत्तर द्यायचास.

मी म्हणायचो, "भोर आपलं हाय. पहाटं निघालो की दिवस कलायच्या आत माणूस राजवाड्याच्या चौकात हुभा. राजेसाहेब आपल्याला दिसत्यात. मुंबैला गाऱ्हाणं सांगायचं तर कुणाफुडं, समुद्राफुडं?"

"आमच्या बानंबी चौकात हुभं ऱ्हाऊन सांगितलं हुतं," तू म्हणायचास. "ऐकून घेतलं त्येंनी. पर त्येंच्या हातात काय हुतं? राज्यच चार डोंगरांचं. ल्हान घराला कोण इचारतंय? पाणी यायचं ते आलंच. मोठ्या घरात असतो तर वरडायला चार तोंडं जास्ती असती."

"मोठ्या घरात गेल्यावर तुझं तोंड वळखणार कोण?"

"तुझं तरी कोण वळखतं भोरात?"

"फाटकावरचा शिपाई वळखतो."

"त्यो तुला न्हाई, तुझ्या पाटीतल्या आंब्यांला वळखतो."

मग मी उगीच तांबड्याला हाकायचो.

माघात भोराहून एक वकील आले. तरुण होते, टोपी पांढरी, वहाणा नव्या आणि त्यामुळे पाय सोललेले. सरकारनं त्यांना पाठवलं नव्हतं. भोरातल्या चार शिकलेल्या मंडळींनी मिळून ठरवलं होतं की गावोगाव जाऊन प्रजेला विचारायचं, मुंबई की संस्थान, आणि जे निघेल ते कागदावर मांडून वर पाठवायचं. माणूस गोड होता. भैरोबाच्या पुढच्या अंगणात बसला, पायाला हळद लावून घेतली आणि दोन्ही बाजू सारख्याच नीट समजावून सांगितल्या. इतक्या सारख्या की शेवटी पाटलांनी विचारलं, "पर साहेब, तुमचं काय मत?" ते हसले, म्हणाले, "मी मोजायला आलोय."

मग म्हणाले, प्रत्येक जाणत्या माणसानं, बाईनं आणि बाप्यानं, एकेक मत द्यायचं.

"तसं न्हाई व्हायचं," पाटील म्हणाले. "आमच्यात औतावर मोजत्यात."

"अहो पाटील, हे मत आहे. यात्रेची टोपली नव्हे."

"म्हनूनच. टोपली नासली तर परत देता येती. एका घरातनं बाप एक आन् ल्योक एक बोलायला लागला तर ते घर ऱ्हाईल का? औताला एक."

वकिलांनी घासाघीस केली. पुढं दोन गावं व्हायची होती, ऊन चढत होतं. एवढ्यात धुरपदाआत्या उठल्या. एकटी म्हातारी, जमीन नाही, बैल नाही. "मंग माझं काय रं पाटला? माझ्याकडं औत न्हाई. कोंबड्या हायत."

सगळे हसले, पण वकिलांना तीच वाट सापडली. ते म्हणाले, ठीक आहे, ज्यांना औत आहे त्यांचं औताला एक मत. ज्यांना औतच नाही, त्यांनी प्रत्येकी एक द्यायचं. आणि गावकुसाबाहेरची जी माणसं आजवर सभेला लांब उभी राहायची त्यांनाही त्यांनी हाका मारून पुढं बोलावलं. पाटलांचं तोंड आंबलं, पण एकदा हो म्हटल्यावर माणूस फिरला नाही. खरं बघशील तर त्या दिवशी आपल्या गावात पहिल्यांदा त्यांना कुणी काही विचारलं.

इथवर सगळं सरळ होतं. मग आमच्या पारूनं तोंड उघडलं. बायकांच्या घोळक्यातून म्हणाली, "म्हंजी धुरपदाआत्याला मत आन् मला न्हाई?"

"बाई, तुमच्या घरी औत आहे ना?" वकिलांनी विचारलं.

"औत ह्येंचं अर्धंच हाय की."

तेव्हा कुठं सगळ्यांच्या ध्यानात आलं. पाटलांनी आपल्या दोघांना पुढं बोलावलं. "तुमचं मिळून एक औत. काय ते एक सांगा."

"मुंबै," तू म्हणालास.

"संस्थान," मी म्हणालो.

"एक सांगा म्हंतोय मी."

आपण दोघांनी परत तेच सांगितलं, जास्त मोठ्यानं.

वकिलांनी पेन्सिलीनं टोपीखाली खाजवलं. म्हणाले, अर्धं मत मला लिहिता येणार नाही, तुम्ही दोघं बाजूला जाऊन ठरवून या. आपण दीपमाळेमागं गेलो. मी तुला म्हटलं, तू मोठा आहेस, तूच माघार घे. तू म्हणालास, मोठ्याचं ऐकायचं असतं, तू घे. मी म्हटलं, नांगर माझा आहे. तू म्हणालास, जू माझं आहे. मी म्हटलं, हे गाव माझं आहे. हे मी बोलून गेलो. मग म्हणालास, "व्हय. माझं पाण्याखाली हाय. म्हनून तर माझं मत मला पायजेल." आणि परत आलास.

इकडं अंगणात माणसं खोळंबली होती. धुरपदाआत्या गमतीनं म्हणाल्या, "माझ्यावानी बिनऔताचं व्हा की रं. दोघांलाबी मिळंल."

गंमत होती ती. पण तू माझ्याकडं बघितलंस, मी तुझ्याकडं बघितलं, आणि आपण दोघंही घराकडं निघालो. पाटील मागून ओरडत होते, "आरं, कुटं चालला?" वकिलांना वाटलं आपण रुसून गेलो. त्यांना गुळाचा चहा दिला कुणी तरी. चहा संपेपर्यंत आपण परत आलो होतो, मी चांद्याला घेऊन, तू तांबड्याला घेऊन, खांद्यावर जू. भैरोबाच्या पायरीपुढं दोघांना जुंपलं आणि सगळ्या गावादेखत सोडलं. वारंगुळा मोडायचा तर असाच मोडतात, देवापुढं जोडी सोडायची आणि दोघांनी म्हणायचं, सुटला. मी म्हणालो, सुटला. तू म्हणालास, सुटला. तांबड्या तेवढ्यात वकिलांच्या पिशवीला तोंड लावून मोकळा झाला होता.

पाटील म्हणाले, "मोडलं खरं, पर उद्या सांधायचं म्हटलं तर दोघांतल्या एकाला आधी पाऊल उचलावं लागंल. आन् तुमची पावलं मला म्हाईत हायत."

मग आपण बिनऔतवाल्यांच्या रांगेत बसलो, धुरपदाआत्यांच्या शेजारी, आणि मागं पारू आणि हौसावैनीही आपापलं मत द्यायला बसल्या. तू मुंबई सांगितलंस. मी संस्थान सांगितलं. वकिलांनी लिहून घेतलं आणि मला हळूच म्हणाले, "अहो, तुमची दोन मतं एकमेकांना कापतात. दिली काय, न दिली काय, सारखंच. मग जोडी मोडलीत कशाला?"

मी म्हटलं, "साहेब, मत दिलं ना?"

त्यांनी पेन्सिल कानावर खोचली. मग म्हणाले, "दिलंत." मला त्या माणसाचं आवडलं ते हे, की तो हसला नाही.

गावाचं मत मुंबईकडं गेलं. चांगल्या फरकानं गेलं. मी कबूल करतो, मोजणी बरोबर होती.

पुढचे दिवस आठवतात का तुला? हरभरा निघाला होता, वावरं रिकामी झाली होती. ओल आहे तोवर नांगरट उरकायची, नाहीतर माती दगड होते आणि मग पावसाळ्यात भाताला काही खरं नाही. दोन घरांचं सालाचं पोट त्यावर. आणि गावातले सगळे बैल ज्याच्या त्याच्या जोडीत. सुटा बैल कुणाकडं नव्हता. होते ते दोनच, एक माझ्या दावणीला, एक तुझ्या.

मी वरच्या धनगराकडून रेडा आणला, जुवासकट, एका दिवसाच्या बोलीवर. चांद्या आणि रेडा. चांद्या चार पावलं टाकायचा तोवर रेड्याचं एक व्हायचं, त्यामुळे नांगर पुढं जायच्याऐवजी गोल फिरायचा. दुपारी ऊन तापलं आणि रेडा ओढ्याकडं निघाला. जू, नांगर, चांद्या आणि कासऱ्याला धरलेला मी, सगळी वरात घेऊन निघाला आणि डबक्यात जाऊन बसला. तू तुझ्या बांधावर होतास. हसला नाहीस. नुसता तंबाखू मळत बसलास, लई सावकाश. तू हसला असतास तर बरं झालं असतं.

आणि तू तरी काय करत होतास? कुदळीनं खणत होतास. बैल असलेला माणूस सालाचं वावर कुदळीनं खणतोय. आठवडाभर खणून परसाएवढा तुकडा झाला. मीही माझ्या बांधावर बसून बघितलं. मीही हसलो नाही. घरी जाऊन हसलो. पारू म्हणाली, "हसू नगा. त्येंच्या हातांला फोड आल्यात. हौसानं आज हळद लावली." मी म्हटलं, लाव म्हणावं मुंबईची हळद. त्या रात्री तिनं मला भाकरी लांबूनच सरकवली.

आपलं बोलणं बंद, पण बायकांचं चालूच होतं. पाण्याला जोडीनं जायच्या, जळणाला जोडीनं जायच्या. एकदा हौसावैनी आमच्या दारात येऊन मला म्हणाल्या, "भावजी, त्येंला इचारलं, सख्याभावजींशी बोलत का न्हाई, तर म्हंत्यात त्यो परदेशी हाय. संस्थानचा." आणि पदर तोंडाला लावून गेल्या. मला हसू आलं होतं, ते मी त्या वळणावरून दिसेनाशा होईपर्यंत धरून ठेवलं.

फाल्गुनात बातमी आली. भोर संस्थान मुंबईत गेलं. आपल्या गावच्या त्या कागदाचं वर काय झालं ते देवाला ठाऊक. कुणी वाचला असेल, नसेल. पाटलांनी अंगणात बोलावलं आणि गूळ वाटायला काढला. आता गूळ वाटायचा तर तो कसा वाटणार? औताला एक खडा, मुठीएवढा. आणि बिनऔतवाल्यांना चिमूट.

माझ्या हातावर चिमूट पडली. तुझ्या हातावर चिमूट पडली. तू ती तळहातावर धरून कितीतरी वेळ बघितलीस. मग म्हणालास, "पाटील, एवढ्याशा गुळासाठी मुंबैत गेलो व्हय आपण?"

सगळं अंगण हसलं. मी कुणाकडं न बघता म्हणालो, "तुझीच मुंबै. चाट."

पाटलांचे कान टवकारले. "आं? म्हंजी बोलताय व्हय दोघं?"

"कोण बोलतंय?" मी म्हटलं. "म्या मुंबैशी बोलतोय."

"मुंबै ऐकतीया," तू म्हणालास, भैरोबाकडं तोंड करून.

धुरपदाआत्या हसून हसून खोकायला लागल्या, त्यांना पाणी द्यावं लागलं. पाटलांनी गुळाचा एक मोठा खडा उचलला आणि आपल्या दोघांच्या मध्ये धरला. म्हणाले, "संस्थान गेलं. आता भांडायला तुमच्यात ऱ्हायलंय काय?"

तेव्हा तू हातातली चिमूट तोंडात टाकलीस, हात धोतराला पुसलेस आणि म्हणालास, "वावर ऱ्हायलंय."

एवढंच. हसणारे आपापल्या हातातल्या खड्याकडं बघायला लागले. कारण ते खरं होतं. तुझं राहिलं होतं, माझं राहिलं होतं, आणि ओल उतरत चालली होती. पाटील खडा धरून उभे होते. तू हात पुढं केला नाहीस, मीही केला नाही. ज्याच्या त्याच्या वाटेनं आपण घरी गेलो.

पुढं साठ वर्षं आपण ते भांडण जपलं. पहिली एसटी गावात आली तेव्हा तू टपावरून ओरडलास, "सख्या, बघ माझी मुंबै." ती चढावर बंद पडली आणि सगळ्यांनी ढकलली, तेव्हा मी तुझ्या कानात म्हणालो, "बघ तुझी मुंबै." शाळा आली तर तुझी. मास्तर आला नाही तर तुझा. तलाठ्याकडं सात खेटे घालावे लागले की मी मुद्दाम तुझ्या दारावरून जायचो आणि सांगायचो, राजवाड्याच्या चौकात एका खेपेत काम झालं असतं. तू म्हणायचास, "झालं नसतं. नकारबी एका खेपेत मिळाला असता, येवढंच." मुंबईसह आपलं मराठी राज्य झालं, तेव्हा मी पेढे घेऊन तुझ्याकडं आलो. म्हटलं, कोंडिबा, हरलास. आपण मुंबईत गेलो नाही, मुंबईच आपल्यात आली. तू पेढा खाल्लास, बोटं चाटलीस आणि म्हणालास, "मोठ्या घरात आलास, तवा कुठं पेढं खायला मिळालं. दे आणखी एक."

माझी दोन पोरं मुंबईनं पोटाला लावली हे मला दिसत होतं. तू ते कधी बोलून दाखवलं नाहीस. बोलला असतास तर मला हरावं लागलं असतं. ते तू राखलंस. एवढं एक मला तुला तोंडावर सांगायचं होतं. सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, "म्हंजी हरलास की." म्हणून नाही सांगितलं. आता सांगतो, तुला उत्तर देता येत नाही तोवर.

दहाव्याला नदीवर तुझा कावळा शिवेना. ऊन डोक्यावर आलं. थोरल्यानं हात जोडले, आईला सांभाळीन म्हणाला. धाकटा म्हणाला, बांधावरचा फणस तोडणार नाही. नातीनं सांगितलं, शिकेन. कावळे झाडावर बसून बघत होते, एकही उतरेना. हौसावैनी माझ्याकडं वळल्या. वाळलेलं अंग, पण डोळे तसेच. म्हणाल्या, "भावजी, त्येंचं तुमच्यापाशी अडलंया. म्हना की एकदा, मुंबै बरी म्हनून."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी काठी टेकत पुढं गेलो. पानापाशी वाकलो. आणि म्हटलं, "कोंडिबा, संस्थानच बरं हुतं. काय करायचं ते कर."

कावळा आला तो दोन उड्यांत आला. वैनी रडता रडता हसल्या. भटजींना काही कळलं नाही. मला कळलं. तुला मी हरलेला नको होतो. हरलो असतो तर तिकडं तू बोलणार कुणाबद्दल?

पारू गेली तेव्हा तू माझ्या ओट्यावर येऊन बसला होतास. तंबाखू मळून माझ्यापुढं ठेवलास. तिसऱ्या दिवशी म्हणालास, "सख्या, तलाठ्यानं परत दाखला अडवला बघ," आणि मग माझ्याकडं बघितलंस, मी काहीतरी बोलावं म्हणून. मी म्हटलं, तुझ्या मुंबईचा तलाठी. तू मान हलवलीस आणि उठून घरी गेलास, काम झाल्यासारखा. दाखल्याचं काही नव्हतंच, ते मला मागाहून कळलं.

आता त्या गुळाच्या दिवसाचं राहिलेलं सांगतो, कारण पाऊल आधी कुणी उचललं यावर तू गावभर वेगळंच सांगत फिरलास. तू सांगायचास, सख्या आला. मी सांगायचो, कोंडिबा आला. तेराव्याला जमलेल्या माणसांना खरं काय ते कळू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उजाडता चांद्याला सोडलं. नांगर खांद्यावर घेतला. माझ्या वावराची वाट डावीकडं जाते, मी उजवीकडं वळलो. तुझ्या वावरात गेलो, तुझ्या कुदळीचा तो परसाएवढा तुकडा संपतो तिथं नांगर ठेवला आणि चांद्याची पाठ खाजवत उभा राहिलो. जू माझ्याकडं नव्हतं. तू तांब्या घेऊन ओढ्याकडून येत होतास. थांबलास.

"हे माझं वावर हाय," म्हणालास.

"म्हाईत हाय."

"तुझं ऱ्हायलंय की."

"ऱ्हायलंय."

तू चांद्याकडं बघितलंस, मग नांगराकडं, मग घराकडं वळलास. मला वाटलं, गेलास. थोड्या वेळानं तू बांधावरून परत येताना दिसलास, खांद्यावर जू आणि मागं तांबड्या, कुणाची तरी पेंढी तोंडात घेऊन. तू काही न बोलता जुवाचं एक टोक माझ्याकडं केलंस. मी ते धरलं आणि चांद्याच्या मानेवर ठेवलं.